रेडिओचे कान

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. पण हा लेख मराठीतच लिहायचा होता. कारण ज्यांच्याबद्दल आहे, त्यांना इंग्रजी येत नाही.

माझं गाव हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथच्या अलीकडे. घरी हळद, सोयाबीन आणि आबांचा ट्रान्झिस्टर. दिवसभर त्यावर एकच, आकाशवाणी परभणी, 1305 किलोहर्ट्झ. दिवेलागण झाली की मात्र आबा काटा फिरवायचे आणि कधी तमिळ गाणी, कधी अरबीसारखं काहीतरी लागायचं. आबा म्हणायचे, "अगं माय, सूर्य बुडाला की रेडिओचे कान उघडतेत."

सहावीत असताना दिवाळीच्या सुट्टीत सगळी चुलत-आते भावंडं जमली होती. त्यांच्यासमोर मी फाडफाड इंग्रजीत आणि मग मराठीत आबांना सांगितलं, की रेडिओला कान नसतात, अँटेना असतो. आणि अंधाराचा रेडिओशी काय संबंध? हा तुमचा भ्रम आहे. सगळे हसले. आबा हसले नाहीत. त्यानंतर त्यांनी मला रेडिओबद्दल काही सांगायचंच सोडून दिलं.

पुढे इंजिनिअरिंगला आले, ब्रँच ई अँड टीसी. सेकंड इयरला सरांनी फळ्यावर आयनोस्फिअरचे थर काढले आणि मी शेवटच्या बाकावर बसून लाल झाले! जमिनीपासून साधारण 60 ते 90 किलोमीटरवर 'डी' थर असतो. सूर्यप्रकाशाने तो तयार होतो आणि मीडियम वेव्हच्या वर जाणाऱ्या लहरी गिळून टाकतो. म्हणून दिवसा फक्त जमिनीलगत येणारं परभणी. सूर्य बुडाला की हा थर विरतो, लहरी त्याच्याही वरच्या थरांपर्यंत पोचतात आणि तिथून परतून शेकडो, कधी हजार-दोन हजार किलोमीटरवर उतरतात. म्हणजे आबांचं वाक्य शंभर टक्के बरोबर होतं. फक्त 'कान' हा शब्द सिलॅबसमध्ये नव्हता.

त्याच वर्षी मी हॅम रेडिओच्या परवान्याच्या परीक्षेचा अभ्यास सुरू केला. जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांना खालच्या फ्रिक्वेन्सीचे तीन पट्टे फार प्यारे: 136 किलोहर्ट्झच्या आसपासचा 2200 मीटर, 472 ते 479 किलोहर्ट्झचा 630 मीटर आणि 1.8 मेगाहर्ट्झचा 160 मीटर. गंमत बघा, आबांच्या रेडिओचा मीडियम वेव्ह बरोबर शेवटच्या दोघांच्या मध्ये येतो! म्हणजे जे नियम हॅमना लागू, तेच आमच्या ओसरीलाही.

आता खरं तर आबांची माफी मागायला हवी होती. पण मी गेले शायनिंग मारायला. मे 2024. पीएल चालू होती, मी घरी होते. सूर्यावरच्या डागांच्या एका प्रचंड समूहातून एकामागून एक स्फोट झाले होते आणि मोठ्या चुंबकीय वादळाचा इशारा आला होता. मी आबांना म्हटलं, "आज रात्री जागा. तुमच्या रेडिओची कशी वाट लागते ते दाखवते."

10 मे, रात्री साडेदहाच्या सुमारास वादळ पृथ्वीवर आदळलं. 20 वर्षांतलं सर्वांत मोठं. त्या रात्री लडाखमध्ये हानले इथे आकाश लाल झालं. आणि आमच्या अंगणात? खाटेवर आम्ही दोघं, मध्ये ट्रान्झिस्टर. नेहमीची स्टेशनं, नेहमीसारखी कमी-जास्त होणारी, आणि मे महिन्यातल्या लांबच्या विजांची खरखर. दोन वाजता आबा म्हणाले, "लागलं का गं तुझं वादळ?" मी गप्प.

परत येऊन लायब्ररीत बसले तेव्हा उलगडा झाला. सूर्यावरची ज्वाला आणि चुंबकीय वादळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्वालेचे एक्स-रे आठ मिनिटांत येतात, पण फक्त दिवस असलेल्या बाजूला; आम्ही तर रात्री बसलो होतो. वादळाचे ढग यायला एक ते तीन दिवस लागतात. त्यात वरून सुटणारे वेगवान इलेक्ट्रॉन मुख्यतः ध्रुवांभोवतीच्या कड्यात उतरतात आणि तिथे भर रात्री डी थर जागा करतात. म्हणून युरोप-अमेरिका असा मार्ग 630 किंवा 160 मीटरवर कित्येक रात्री मुका होऊ शकतो. आपण मात्र चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ. ते तामिळनाडूच्या दक्षिण टोकाजवळून जातं.

याचा अर्थ आपल्याला वादळ कळतच नाही असं नाही. 2 सप्टेंबर 1859 ला मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत आडवं चुंबकक्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्लाने, म्हणजे जवळजवळ 4 टक्के, खाली आलं होतं. ती नोंद आजही जगभर वापरतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून ते काम 1904 मध्ये अलिबागला हलवलं. पण चुंबकसूची हलणं वेगळं आणि डी थर दाट होणं वेगळं. मी दोन्हीची खिचडी केली होती.

हे सगळं पुढच्या सुट्टीत आबांना सांगितलं. सहावीतल्या दिवाळीचंही बोलले. आबा काही म्हणाले नाहीत. आत गेले आणि जुन्या कालनिर्णयांचा गठ्ठा घेऊन आले. पानांच्या कडेला पेन्सिलीने वेळा लिहिलेल्या. "लांबची उघडली." डिसेंबरात सव्वासहा, जूनमध्ये साडेसात. मी सूर्यास्ताच्या वेळांशी ताडून पाहिलं. डिसेंबर आणि जूनच्या सूर्यास्तातही जवळपास तेवढंच अंतर! मी वीस वर्षांतून एकदा येणाऱ्या वादळाची वाट बघत होते. आबा रोजचा सूर्यास्त टिपत होते, आणि आमच्या रेडिओवर सूर्याचा सगळ्यात मोठा परिणाम तोच होता.

मग त्यांनी हळूच विचारलं, "माय, औंढ्याला ते लायगो व्हायलंय, त्याला लागंल का असलं वादळ?" 11 मे 2023 ला त्याची पायाभरणी झाली होती, वादळाच्या बरोबर एक वर्ष आधी. मी सांगितलं, लायगोच्या यंत्रांजवळ चुंबकक्षेत्र मोजणारी उपकरणं ठेवतात, कारण असल्या गडबडी त्यांनाही ओळखाव्या लागतात. आबा खूश झाले. "म्हंजे तिथंबी नोंद ठेवतेत."

यंदाच्या कालनिर्णयावर दोन अक्षरं आहेत. सुट्टीत माझं, एरवी आबांचं. होस्टेलवर कुणाकडे जुना ट्रान्झिस्टर पडून असेल तर मला द्या. सूर्यास्ताला गच्चीवर जायची परवानगी वॉर्डन मॅडमकडे मी मागते.