होतकरू

मराठीत ‘होतकरू’ हा शब्द एकटा क्वचितच आढळतो. त्याच्या डाव्या बाजूस बहुधा ‘गरीब’ उभा असतो. गरीब व होतकरू विद्यार्थ्यांना वह्यावाटप, गरीब व होतकरू खेळाडूंना गणवेश. मनमाडला साहित्य शिकविता शिकविता हा शब्दसमूह दर जून महिन्यात अर्जांच्या गठ्ठ्यांतून आमच्या टेबलावर येतो आणि आमची सही घेऊन पुढे जातो. श्रीमंताच्या मुलास कोणी होतकरू म्हणत नाही, चाळिशी उलटलेल्यास तर नाहीच. ज्याचे अद्याप काही झालेले नाही, पण होईल असे इतरांस वाटते, तो होतकरू. या व्याख्येत ‘इतरांस’ हा शब्द आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. गुण माणसाच्या अंगी असतो. होतकरूपण मात्र पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असते, आणि पाहणारा ते केव्हाही काढून घेऊ शकतो.

ते कसे काढून घेतले जाते याचा उघडा नमुना पाहावयाचा असेल तर उत्तर अमेरिकेतील बर्फावरच्या हॉकीकडे पाहावे. तेथील व्यावसायिक लीगचे 32 संघ दरवर्षी अठरा वर्षांच्या आसपासची मुले सात फेऱ्यांत, एकामागून एक, निवडतात. या प्रथेस ड्राफ्ट म्हणतात. शेन राइट नावाचा कॅनडियन मुलगा पहिलाच निवडला जाणार असे जवळजवळ दोन वर्षे सर्वांनी गृहीत धरले होते. मधल्या काळात कोरोनामुळे त्याच्या लीगचा 2020–21 चा पूर्ण हंगाम रद्द झाला. 2022 साली मॉन्ट्रियल येथे निवड झाली तेव्हा त्याचे नाव चौथ्या क्रमांकावर पुकारले गेले. चौथा क्रमांक म्हणजे काही दारिद्र्य नव्हे. पण त्या दिवशी चर्चा झाली ती पहिल्या तीन संघांनी त्याला का घेतले नाही याचीच. उलट, पावेल दात्स्युक हा चणीने लहान रशियन मुलगा 1998 साली 171वा निवडला गेला आणि पुढे त्या खेळाच्या मानकऱ्यांत जाऊन बसला. जॉनी गॉद्रो उंचीने कमी म्हणून 2011 साली 104व्या क्रमांकापर्यंत घसरला. तोही पुढे आघाडीचा खेळाडू झाला.

उंची, एखादी जुनी दुखापत, मुलाखतीत दिलेले एखादे तुटक उत्तर, ‘हा आपला देश सोडून येईल का’ ही शंका: घसरणीची ही नेहमीची कारणे. त्यांच्याहून बलवान असे एक कारण मात्र कोणत्याही अहवालात लिहिलेले नसते. पहिल्या संघाने मुलास सोडले की दुसरा संघ विचारात पडतो: त्यांना असे काय ठाऊक आहे, जे आपल्याला नाही? दुसऱ्यानेही सोडले की तिसऱ्याची शंका दुणावते. मुलगा तोच, त्याचा खेळ तोच. पण सोडले जाणे हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा होऊन बसतो. साहित्याच्या व्यवहारात वावरणाऱ्यांस हे नवीन नसावे. तीन प्रकाशकांकडून साभार परत आलेले बाड चौथ्याच्या टेबलावर येते तेव्हा पहिल्या पानाआधी त्याचे कुरतडलेले कोपरे वाचले जातात.

आपल्याकडे ड्राफ्ट नाही, लिलाव आहे, आणि लिलावाची भाषा अधिक निष्ठुर आहे. विरारहून लोकलने बांद्र्यास ये-जा करून क्रिकेट शिकलेल्या पृथ्वी शॉने 2013 साली हॅरिस शील्डमध्ये 546 धावा केल्या, तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. 2018 साली राजकोटला कसोटी पदार्पणातच त्याने 134 धावा केल्या. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईच्या रणजी संघातून तो वगळला गेला आणि पुढच्याच महिन्यात जेद्दाच्या लिलावात 75 लाखांच्या मूळ किमतीसही त्याच्या नावावर एकही हात वर झाला नाही. ‘अनसोल्ड’ हा शब्द तेव्हा दूरदर्शनच्या पडद्यावर त्याच्या छायाचित्राखाली उमटला. (दुकानात न खपलेल्या मालाला सुद्धा आपण ‘राहिला’ एवढेच म्हणतो.) डिसेंबर 2025 च्या लिलावात आधी त्याला कोणी विचारले नाही आणि अखेरीस दिल्लीने त्याच 75 लाखांस घेतले. त्याच्या तंदुरुस्तीविषयी व शिस्तीविषयी पुष्कळ बोलले गेले. त्यातील काही खरेही असेल. पण एकाच दिवशी नको असलेला आणि हवा असलेला माणूस एकच होता, ही गोष्ट त्या बोलण्यात हरवली.

ज्याच्याविषयी असे कोणतेही कुजबुजणे नव्हते, त्याचे काय? 1988 साली आझाद मैदानावर तेंडुलकर आणि कांबळी 664 धावांची भागीदारी रचीत होते तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून अमोल मुझुमदार पॅड बांधून बसला होता. त्याचा नंबर आलाच नाही. पुढे रणजी पदार्पणात त्याने 260 धावा केल्या. पदार्पणातील सर्वोच्च धावांचा तो जागतिक विक्रम 2018 पर्यंत टिकला. प्रथम श्रेणीत 11,167 धावा, 30 शतके, आणि भारतासाठी एकही सामना नाही. त्याच्यात काही उणे होते म्हणून नव्हे; ज्या जागेवर त्याने बसावे ती जागा द्रविड, गांगुली, लक्ष्मण यांनी भरलेली होती. 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा तो त्यांचा प्रशिक्षक होता. पुष्कळांनी याला काव्यात्म न्याय म्हटले. आम्हांला ते पटत नाही. प्रशिक्षकपद हे त्याचे स्वतंत्र कर्तृत्व आहे. न खेळलेल्या कसोट्यांची ती भरपाई नव्हे.

आता आमच्या गावाविषयी. मनमाड लोकांस ठाऊक आहे ते जंक्शन म्हणून, येथे गाडी बदलावी लागते म्हणून. पण गेली काही वर्षे या गावाची दुसरी ओळख वेटलिफ्टिंगची आहे, आणि तीही मुलींच्या. जून 2022 मध्ये मेक्सिकोतील लिओन येथे झालेल्या जागतिक युवा स्पर्धेत मनमाडच्या आकांक्षा व्यवहारेने 40 किलो गटात रौप्यपदक मिळविले. स्नॅच 59, क्लीन अँड जर्क 68, एकूण 127 किलो. (पाण्याचे हंडे आणि वजनाचा बार यांचा संबंध जोडण्याचा मोह या गावाविषयी लिहिणाऱ्यास होतोच; आम्ही तो आवरतो.) या खेळाचे आम्हांला आकर्षण वाटते ते त्यातील निःपक्षपातीपणामुळे. बार उचलला गेला किंवा नाही. पंचांचे दिवे आहेत, प्रत्येक प्रकारात तीन संधी आहेत, शेजारच्या संघास काय वाटते याला तेथे किंमत नाही. येथे तरी कोणी घसरू नये, असे आम्हांला प्रथम वाटले होते.

पण येथे जमीनच सरकते. युवा मुलींसाठी तेव्हा 40 किलोचा गट होता; प्रौढ महिलांचा सर्वांत हलका गट 45 चा, आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये तर 49 चा. म्हणजे पंधराव्या वर्षी ज्या गटात मुलगी देशात पहिली येते, तो गट मोठेपणी अस्तित्वातच नसतो. जून 2025 पासून गट पुन्हा बदलले: युवा मुलींचे 44 पासून सुरू झाले, प्रौढांचे 48 पासून. मीराबाई चानूने टोकियोत 49 किलो गटात 202 किलो उचलून रौप्य मिळविले होते. 127 पासून 202 पर्यंतचे अंतर केवळ सरावाने कापले जात नाही. आधी अंगावर आठ-नऊ किलो वजन चढवावे लागते, तेही चरबीचे नव्हे. त्याला दूध, अंडी, झोप आणि वर्षे लागतात. ज्या घरात अर्जावर ‘गरीब व होतकरू’ लिहिले जाते, तेथे ‘गरीब’ हा शब्द ‘होतकरू’ला कसा खातो, ते येथे शब्दशः दिसते.

आमच्या वर्गात अशी एक मुलगी आहे. शेवटच्या बाकावर बसते, तळहात घट्ट्यांनी भरलेले, आणि कवितेच्या तासास न चुकता येते. शाळेत असताना ती 40 च्या गटात जिल्ह्याबाहेर जाऊन पदके आणीत असे. तिचे वडील तिला रेल्वेच्या स्पोर्ट्स कोट्यातून नोकरीसाठी प्रयत्न करावयास सांगतात. मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 2024 साली पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळविल्यापासून त्यांच्या या आग्रहास धार आली आहे. रेल्वेच्या गावात हा सल्ला चुकीचा म्हणवत नाही. नोकरी लागली तर त्या घराच्या दृष्टीने मुलगी घसरली नाही, चढलीच. तिच्या प्रशिक्षकांच्या मते आणखी दोन वर्षे थांबावे. तिने आम्हांलाही विचारले. आम्ही तिला एवढेच विचारले, की तुला स्वतःला काय वाटते? ती म्हणाली, “सर, मला कोणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे पटकन सांगता येत नाही.”

सध्या ती 48 च्या गटात उतरते. त्या गटातील इतर मुली पन्नास-एक्कावन्नवरून वजन उतरवून येतात. हिला खालून वर चढावे लागते. परवा काट्यावर 46 भरले, तेही जेवणानंतर.