पहिलीचा वर्ग, ऊसतोडीचं गाव

१९ जून
पहिलीचे प्रवेश झाले. पालकांच्या व्यवसायाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'ऊसतोड मजूर'. बीड जिल्ह्याच्या या भागात त्याचं नवल नाही. यातली काही पोरं तान्हेपणी फडावर, झोळीत वाढली. काही आजीजवळ गावातच राहिली.

६ जुलै
एक मुलगी पदर सोडत नाही. प्रत्येक अक्षराला विचारते, "बाई, बरोबर आलं का?" एक मुलगा लागलं तरी जवळ येत नाही. गुडघा फुटला तर स्वतःच माती लावून बसतो आणि मग शेजारच्याला ढकलतो. तिसरी सरळ येते, पेन्सिल पुढे करते, टोक करून घेते नि जागेवर जाते. आपलं काम होणार याची तिला खात्री आहे, आणि ती खात्री ती घरून घेऊन आली आहे.

२८ जुलै
दिवसभर पाऊस. वाचन झालं. मूल पहिल्या दोन-तीन वर्षांत ज्याला बिलगतं, त्याच्या वागण्यावरून ते माणसांबद्दलचा अंदाज बांधतं, ही जॉन बोल्बींची मांडणी. मेरी एन्सवर्थ यांनी १९५४-५५ मध्ये युगांडात घरोघरी जाऊन तान्ह्या मुलांचं निरीक्षण केलं. पुढे अमेरिकेत आई काही मिनिटं खोलीबाहेर जाऊन परतली की मूल काय करतं, यावरून त्यांनी बंधाचे प्रकार पाडले.

मी खिळले ती ॲलन स्रूफ यांच्या कामापाशी. १९७५ च्या सुमारास मिनेआपोलिसमध्ये गरीब घरांतल्या गरोदर बायांपासून सुरू झालेला हा अभ्यास. त्यातली काही मुलं बालवाडीत आली तेव्हा शिक्षकांना त्यांचा पूर्वेतिहास सांगितलेला नव्हता. तरी सुरक्षित बंधाच्या मुलांशी ते सरळ वागले, अपेक्षाही चांगल्या ठेवल्या. चिकटून राहणाऱ्यांचे लाड केले आणि अपेक्षा कमी केल्या. आईला टाळायला शिकलेल्या मुलांवर मात्र करडी नजर ठेवली, चिडलेही. म्हणजे मूल जशी वागणूक मिळवत आलं, तशीच ते नकळत आमच्याकडूनही काढून घेतं.

१४ ऑगस्ट
"हात उचलल्याशिवाय वठणीवर येणार नाही," असं ढकलणाऱ्या पोराबद्दल एका सहकाऱ्याचं मत. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मारायला बंदी आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, मार मिळेल हेच तर तो धरून चालला आहे! तो अंदाज आपण खरा कशाला करायचा? त्याने ढकललं की मी त्याला माझ्याजवळ बसवते आणि खडू वाटायला देते. भाषण देत नाही. पदर धरणारीला उलट जरा कठीण शब्द घालते. 'बिचारी' म्हणून सोपं देत गेलं तर ती वर्षभर सोपंच मागेल.

२४ ऑक्टोबर
टोळ्या निघाल्या. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ट्रॅक्टरवर, बोचकी, भांडी, काहींची धाकटी पोरंही. मागे राहिलेल्यांसाठी हंगामी वसतिगृह सुरू होईल. त्या मुलाची आजी म्हणाली, "मॅडम, रातचं उठून बसतंय. काय इचारलं तर बोलत न्हाई." पदर धरणारीही विचारायची थांबली आहे. पोरं गप्प झाली की वर्गाला शिस्त लागली, असं तपासणीला येणाऱ्यांना वाटतं.

९ जानेवारी
ब्रिजेट हॅमरे आणि रॉबर्ट पियांटा यांचा २००१ चा अभ्यास. १७९ मुलं, बालवर्गापासून आठवीपर्यंत. बालवर्गातल्या शिक्षकाशी सतत खटके उडणाऱ्यांचा अभ्यास आणि वर्तन पुढेही मागे राहिलेलं दिसलं, मुलग्यांत जास्त. यावरून सगळं पहिल्याच वर्षी ठरतं असं कुणी म्हणू नये. आणि आईच्या माथी तर मुळीच मारू नये. उचल फेडायला गेलेल्या बाईची माया कमी झालेली नसते. रात्री उठून बसणारी आजीही बंधच असते.

१७ फेब्रुवारी
खडूवाला आज गुडघा दाखवायला आला. खरचटलं फार नव्हतं.

१ मे
निकाल वाटले. टोळ्या परतल्या आहेत, पालक आले होते. शिक्षकांच्या खोलीत मात्र बदल्यांचीच चर्चा. बदल्यांना माझा विरोध नाही, दुर्गम गावांनाही शिक्षक हवेत. पण बदल्या ठरवताना सेवेची वर्षं मोजतात, मुलांची कुणी मोजत नाही. जिल्हा परिषदेला विनंती एवढीच : ज्या गावांतून टोळ्या जातात, तिथे पहिलीचा शिक्षक दुसरी संपेपर्यंत हलवू नका.