आमचे तऱ्हेवाईक अण्णा

वाचकहो, बहुतेक गावांत एखादा माणूस असा असतो, की त्याचे नाव निघाले की पारावरची मंडळी आधी हसतात आणि मग म्हणतात, "पण माणूस लाखाचा हं!" आमच्या गावात तो माणूस म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. आमचे गाव नांदेड जिल्ह्यातल्या कंधार तालुक्यात. त्या काळी आसपासच्या चार गावांत बी. ए. झालेला माणूस एकच, आणि तोच रोज सकाळी बैल घेऊन शेताकडे निघालेला दिसे. खाली धोतर आणि वर हैदराबादेत शिवलेली, बटणे तुटलेली काळी शेरवानी!

अण्णांच्या शिक्षणाची कथा आजच्या लेकरांना खरी वाटणार नाही. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. गावच्या शाळेत सुरुवातीच्या यत्ता मराठीत झाल्या, की पुढे उर्दू. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झाले. तिथे इतिहासच काय, गणित आणि रसायनशास्त्रसुद्धा उर्दूत शिकवीत. त्यामुळे आमच्या अण्णांचा त्रिकोण जन्मभर 'मुसल्लस' राहिला आणि क्षेत्रफळ 'रकबा'. १९३८ साली उस्मानियाच्या वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणायला बंदी आली. पोरांनी ती मानली नाही. पुष्कळ विद्यार्थ्यांना काढून टाकले गेले. नागपूर विद्यापीठाने त्यांना पदरात घेतले. त्यांतलेच एक अण्णा. पुस्तकांची पेटी डोक्यावर घेऊन नागपूरला गेले आणि बी. ए. होऊनच गावी परतले.

नोकरी चालून आली होती, पण त्यांनी घेतली नाही. आजी कपाळाला हात लावून म्हणाली, "इतकं शिकून काय उपयोग रे बाबा?" अण्णा म्हणाले, "कचेरीतल्या टेबलाच्या पलीकडं बसून वाचणारे लई आहेत. अलीकडं उभं राहणाऱ्या आपल्या माणसांत कोणीच नाही. मी अलीकडंच राहतो."

आता त्यांची तऱ्हा ऐका. आम्ही चार भावंडे. पाटी हवी, पेन्सिल हवी, जत्रेला दोन आणे हवेत, काहीही मागितले तरी अण्णा आधी एक चिठ्ठी लिहून पुढे करीत. ती वाचायची, खाली तारीख घालून सही करायची, मग पैसे. एकदा माझ्या थोरल्या भावाने घाईघाईत सही ठोकली आणि जत्रेला पळाला. उन्हाळ्यात आंब्याची आढी उघडली तेव्हा त्याच्या वाट्याला एकही आंबा आला नाही. तो रडू लागला, तर अण्णांनी पेटीतून चिठ्ठी काढून दाखवली. खाली बारीक अक्षरात लिहिले होते : 'या दोन आण्यांच्या बदल्यात मी यंदाचा माझा आंब्याचा वाटा सोडून देत आहे.' आई रागावली. अण्णा आपले शांत. "आज आंबे गेले. उद्या याच रीतीनं वावर जाईल," म्हणाले. मग संध्याकाळी स्वतःच्या वाट्याचे आंबे त्याला दिले. पण तेही चिठ्ठीवर सही घेऊनच, बरं का! आणि ती चिठ्ठी त्याने तीनदा वाचली.

आमची आई लग्नात निरक्षर होती. अण्णांनी तिला परातीत पीठ पसरून अक्षरे शिकवली. सहा महिन्यांनी तिने दुकानाच्या उधारीचा कागद त्यांच्यापुढे सहीला ठेवला. आपल्या बायकोने आणलेला कागद म्हणून त्यांनी न वाचता सही केली. शेवटची ओळ होती, 'आजपासून सकाळचा चहा मी करीन.' अण्णा पोट धरून हसले. पण शब्दाचे पक्के! पुढे हातपाय चालले तोवर आमच्या घरी सकाळची चूल अण्णाच पेटवीत.

त्याच परातीत आम्ही मुलींनीही अक्षरे गिरवली, मराठी आणि उर्दू दोन्ही. लोक म्हणत, "पोरीच्या जातीला उर्दू कशाला?" अण्णा म्हणत, "जमिनीचा कागद ज्या लिपीत असेल, ती लिपी शेतकऱ्याच्या घरात यायलाच पाहिजे." रविवारी ३३ फुटांचा दोर घेऊन आम्हाला धुऱ्यावर नेत. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद तो एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. कागदावरचा रकबा आणि दोराने मोजलेला रकबा जुळतो का, हे आमचे गणिताचे पुस्तक.

या वेडामागे केवढे शहाणपण होते, ते पुढे कळले. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि कारभार मराठीत होऊ लागला. फार चांगले झाले. पण एका पिढीत असे घडले, की आजोबांच्या पेटीतला कागद नातवाला वाचता येईना. पहाणी पत्रक कुठले, खरेदीखत कुठले, कळेना. लोक कंदील घेऊन आमच्या ओसरीवर येत. अण्णा कागद वाचून दाखवीत. त्यावर फसली सन असे; त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतो, हे आम्ही पोरे बोटावर सांगत असू. एक पैसा कधी घेतला नाही. अट एकच, घरातल्या एका तरी लेकराने शेजारी बसून ऐकायचे.

१९७२ च्या दुष्काळात अख्खे गाव खडी फोडायला गेले. अण्णाही गेले. पगाराच्या दिवशी हजेरीपटावर अंगठे लागण्याआधी ते एकेक नाव आणि दिवस मोठ्याने वाचून दाखवीत. काहींना ते आवडत नसे. पण मजुरी पुरी मिळे.

माझे लग्न १९६९ साली लातूरकडे, औसा तालुक्यात झाले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. वेगळा जिल्हा १९८२ साली झाला. १९८८ साली माझे मालक वारले. पदरात तीन लेकरे. तेराव्यानंतर चार दिवसांनी भावकीतले एक गृहस्थ कागद घेऊन आले. "वहिनी, वारसाच्या नोंदीचा अर्ज आहे. इथं सही करा, बाकी आम्ही बघतो." घर माणसांनी भरलेले, माझे डोळे रडून सुजलेले. अण्णा तेव्हा हयात नव्हते. पण माझा हात आपोआप थांबला. मी चष्मा मागितला. पहिल्या पानावर वारस, नावे, सगळे बरोबर. दुसऱ्या पानाच्या तळाशी चार एकर रान आणि विहिरीतला वाटा मी राजीखुशीने सोडत आहे, असे लिहिले होते. अर्ज नव्हताच तो, हक्कसोडपत्र होते! मी तो भाग सगळ्यांच्या समोर मोठ्याने वाचला आणि कागद परत केला. एक शब्दही वावगा बोलले नाही. दुसऱ्या दिवशी लेकरांना घेऊन स्वतः तलाठ्याकडे गेले. त्याच चार एकरांत आज माझा लेक सोयाबीन आणि तूर घेतो, त्याच विहिरीचे पाणी पितो.

२०२३ साली मराठवाड्यातल्या निजामकाळातल्या नोंदी शोधण्याचे काम सरकारने काढले, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारी माणसे शोधत फिरावे लागले. माझी नात म्हणाली, "आजी, पणजोबा आज असते तर!" मी तिला परात आणायला सांगितले.

तर वाचक बंधूभगिनींनो, एवढेच सांगणे आहे. तुमच्या पेटीत, माळ्यावर जुना कागद असेल तर वाचता येत नाही म्हणून जाळू नका, चुलीशी नेऊ नका. जाणकाराकडून वाचून घ्या आणि त्याचा मराठी उतारा लिहून ठेवा. आता सातबारा मोबाईलवर निघतो. वर्षातून एकदा तरी काढा आणि नाव, गट नंबर, क्षेत्र तपासा. कागद बँकेचा असो, विम्याचा असो, की सख्ख्या भावाचा असो, शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. वाचताना समोरचा घाई करू लागला, तर आणखी सावकाश वाचा. आणि घरातल्या सुनांना, लेकींना हे आधी शिकवा. कारण वेळ येते तेव्हा सही बहुधा त्यांचीच मागितली जाते.