मधले खांब

सास्तूरच्या माणसाला भिंतीविषयी काही शिकवावं लागत नाही, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. ३० सप्टेंबर १९९३ ला गणपती बोळवून माणसं झोपली आणि पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. सास्तूर, किल्लारी, होळी, राजेगाव, मंगरूळ, तळणी, पेठसांगवी अशी गावंच्या गावं बसली. जवळपास आठ हजार माणसं गेली. ती बहुतेक दोन-अडीच फुटी दगडी भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीखाली गेली. जे वाचले त्यांनी त्या पहाटेतून एकच नियम उचलला : दगड-माती मारते, सिमेंट वाचवतं. मीही तोच उचलला. तो अर्धाच खरा होता, आणि त्या अर्ध्यावर मी पुढे मंगल कार्यालय उभं केलं.

भूकंप झाला तेव्हा मी सिव्हिलचा डिप्लोमा करून नुकताच कामाला लागलो होतो. पुनर्वसनाच्या कामावर सुपरवायझर म्हणून मिळालेली नोकरी ही माझी खरी शाळा. जागतिक बँकेच्या मदतीनं ५२ गावं नव्या जागी वसत होती. ज्याची जमीन जितकी तितकं त्याचं घर : अडीचशे, चारशे किंवा साडेसातशे चौरस फूट. आम्ही रात्रंदिवस काँक्रीट ओतत होतो. जी गावं हलवली नाहीत तिथं जुन्या घरांच्या मजबुतीकरणाचं कामही चाललं होतं. दगडी भिंतीतून आरपार भोक पाडायचं, त्यात आकडे केलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं, म्हणजे भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांना धरून राहतात. छपरावरची माती कमी करायची. खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरपे टेकू मारायचे. हे मी उभं राहून पाहिलं होतं. ज्यांना नवं घर मिळालं नाही त्यांची समजूत घालण्यासाठी हे चाललंय, असं तेव्हा मला वाटलं, आणि मी ते मनाआड केलं.

शेतातला आमचा कोठा आजोबांच्या वेळचा. दहा खणांचा, बावीस फूट रुंदीचा, दोन्ही बाजूंनी दगड-मातीच्या भिंती आणि आत बाभळीच्या नि सागाच्या खांबांच्या ओळी. खांबांवर तुळया, त्यावर सरे, वर किलचण आणि त्यावर पांढरीची माती. दर उन्हाळ्यात वडील माळवदावर नवी माती टाकत, म्हणजे पावसाळ्यात गळत नसे. अशी वर्षानुवर्षं टाकलेली माती दीड फुटावर गेली होती. भूकंपात कोठ्याची मागची भिंत बाहेरच्या अंगाला पडली. माळवद मात्र खांबांवर जागच्या जागी राहिलं आणि खाली बांधलेले बैल वाचले. वडिलांनी तेच दगड गोळा करून त्याच मातीत भिंत पुन्हा रचली. माझ्या घरातला हा पुरावा होता. मी तो रोज पाहत होतो.

बैल विकले, ट्रॅक्टर आला, कोठा रिकामा झाला. लगीनसराईत लोक शाळेच्या मैदानात मांडव घालून उन्हात कार्य उरकत होते. जुन्या कोठ्याचं मंगल कार्यालय करावं, हा विचार माझ्या मनात २०१४ च्या आसपास पक्का झाला. धाकट्या भावानं मोबाइलवर इंग्लंड-अमेरिकेतल्या जुन्या धान्यकोठारांचे फोटो दाखवले. उंच लाकडी सांगाडा, दिव्यांच्या माळा, मधोमध लांब टेबलं. मला ते फार आवडलं. तिकडच्या कोठारांचं छप्पर उतरतं आणि त्यामानानं हलकं असतं, आणि मळणीसाठी, गाडी आत शिरावी म्हणून, मधला भाग बांधतानाच मोकळा ठेवलेला असतो, हे मी लक्षात घेतलं नाही. आमच्या कोठ्यात मध्ये खांब होते कारण वर माती होती. फोटोतला मोकळेपणा मला हवा होता आणि माळवदाचा गारवाही हवा होता.

गवंडी आमच्याच भागातले, वयानं वडिलांच्या बरोबरीचे. मी त्यांना मामा म्हणत असे. खांब काढायचं ठरलं त्या दिवशी ते काम थांबवून माझ्याकडे आले. म्हणाले, "मालक, भिंत आडोशाला असती. वजन खांबावर असतंय. खांब काढाल तर भिंतीनं घ्यायचं का ते?"

मी त्यांना सांगितलं की लोखंडी गर्डर टाकतोय, काळजी करू नका. ते म्हणाले, "गर्डर तर ठिवाल. पन कशावर?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी मी आवाज थोडा चढवून म्हणालो की माझं शिक्षण याच कामाचं आहे. ते गप्प झाले आणि कामाला लागले. माझी चूक नेमकी तिथं झाली. अज्ञानातून होणाऱ्या चुकीला निदान सबब असते. मी समोरून आलेला बरोबर प्रश्न पदाच्या जोरावर बंद केला.

गर्डरचा हिशेब मी केला होता. बावीस फुटांवर किती वाकेल, कोणता सेक्शन लागेल, सगळं वहीत मांडलं होतं. दीड फूट माती म्हणजे शंभर चौरस फुटांवर साडेसहा टनांच्या आसपास ओझं. दर पाच फुटांवर एक गर्डर, म्हणजे एकेकाच्या वाट्याला सात टन आणि प्रत्येक टोकाखाली साडेतीन टन. एवढ्यावर मी वही मिटली. ते साडेतीन टन भिंतीच्या कोणत्या दगडावर उतरणार, याची ओळ मी लिहिलीच नाही. आमच्या भागातली जुनी भिंत जाड दिसते, पण ती खरं तर दोन भिंती असतात : आतली एक, बाहेरची एक, मध्ये दगडांच्या चिपा आणि माती. दोन्हींना बांधणारा आरपार दगड क्वचितच असतो. भूकंपानंतर निघालेल्या नियमांत अशी भिंत दीड फुटापेक्षा जाड नको, आणि दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांवर आरपार दगड हवा, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. माझे गर्डर आतल्या थरावर टेकले. बाहेरचा थर नुसता उभा राहिला.

वरून मी सिमेंटचा जाड गिलावा केला. दगडांच्या सांध्यांतली माती दिसली की लोकांना १९९३ आठवेल, हे एक कारण. दुसरं कारण असं की सिमेंट लावल्यावर माझीच भीती गेली. मातीची भिंत पाणी पिते तशी सोडतेही. सिमेंटच्या कवचाआड तिला ते सोडता येत नाही, आणि भिंतीला पोट आलं तर गिलाव्याखाली लवकर दिसत नाही. दर्शनी बाजू सरळ दिसावी म्हणून माळवदाच्या पन्हाळी बुजवून कठडा चढवला. पावसाचं पाणी आता कुठं जाईल, हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण तेव्हा पाऊसच नव्हता.

दुष्काळी वर्षांत हॉल उत्तम चालला. लग्नं वैशाखात, आणि मराठवाड्यात वैशाखात विहिरी तळाला गेलेल्या. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच उन्हाळ्यात मी पंगतीसाठी टँकर घेत होतो. भांडी घासायला, हात धुवायला, संडासाला किती पाणी लागतं हे मी बांधकामाच्या अंदाजात धरलंच नव्हतं. जनावरांच्या कोठ्याला एक दार पुरतं, म्हणून माणसांनाही मी एकच दार ठेवलं. जुन्या कडब्याच्या खोलीत आचाऱ्याच्या शेगड्या मांडल्या आणि कडब्याची गंज शेजारीच राहिली. त्यातलं काही पेटलं नाही म्हणून ते बरोबर होतं असं नाही.

सप्टेंबर २०१६ च्या अखेरीस मात्र पाऊस आला, आणि उसंत न घेता आला. कठड्याआड पाणी तुंबलं, माती फुगली, भिंतीच्या माथ्यातून पाणी पोटात शिरलं. पितृपंधरवडा होता, हॉल रिकामा होता. रात्री मागच्या भिंतीचा बाहेरचा थर सुटला आणि पाठोपाठ दोन खणांचं माळवद गर्डरसकट खाली आलं. राखणदार दाराजवळ झोपला होता. तो बाहेर पळाला, पण घरंगळत आलेल्या दगडाखाली त्याचा पाय सापडला. घोट्याच्या वरचं हाड मोडलं. हेच लगीनसराईत झालं असतं आणि आत वऱ्हाड असतं, तर मी आज हे लिहायच्या योग्यतेचा राहिलो नसतो.

पडलेल्या भिंतीकडे सकाळी मी बराच वेळ पाहत होतो. १९९३ ला हीच भिंत याच अंगाला पडली होती. तेव्हा भूकंप होता, आता नुसता पाऊस. फरक एवढाच की तेव्हा छप्पर खांबांवर होतं.

दवाखान्याचा खर्च मी केला, राखणदाराचा पगार चालू ठेवला. तो अजूनही थोडा लंगडतो. त्यानं कधी मला बोल लावला नाही, पण त्यामुळे माझं ओझं हलकं झालं नाही. दिवाळीनंतरच्या तारखांचे ॲडव्हान्स परत करायला घरोघर गेलो. एका बापानं पैसे घेतले, पण म्हणाला, "पैशाचं राहू द्या. पत्रिका वाटल्यात. आता ठिकाण कुठलं सांगू?" त्याच्या मुलीचं लग्न पाहुण्यांच्या गावात करावं लागलं. पडलेलं उचलायला आणि नव्यानं उभं करायला तेरणेकाठची दोन एकर जमीन गेली. काढलेले खांब मी आधीच लाकूडवाल्याला विकले होते. तसा साग आता घेऊ म्हटलं तरी परवडत नाही.

दुरुस्तीला त्याच मामांना बोलावलं. माफी मागितली. त्यांनी ती ऐकली आणि विचारलं, "माती किती काढायची?" सगळी माती उतरवली. खांबांच्या जुन्या जागी लोखंडी खांब उभे केले आणि त्यावर हलकं पत्र्याचं छप्पर घेतलं, खाली उष्णता अडवायला तुराट्यांचा जाड थर आणि त्यावर गिलावा. राहिलेल्या भिंती कंबरेपर्यंत उतरवून, आरपार काँक्रीटचे दुवे घालून आणि वरून पट्टा बांधून चुन्यात उभ्या केल्या. त्या आता नुसत्या आडोशाला आहेत. हे काम चालू असतानाच, २९ डिसेंबर २०१७ ला, मुंबईत कमला मिलच्या आवारात आग लागून १४ माणसं गेली. तिथंही एका कामासाठी बांधलेल्या जुन्या आवारात दुसऱ्याच कामासाठी गर्दी जमवली होती. ती बातमी वाचून मी आराखडा पुन्हा काढला. समोरासमोर बाहेर उघडणारी दोन रुंद दारं ठेवली, स्वयंपाक मोकळ्यावर नेला आणि कडब्याची गंज शेताच्या दुसऱ्या टोकाला हलवली.

मधल्या खांबांमुळे आता स्टेज सगळ्यांना दिसत नाही. काही लोक तेवढ्यासाठी दुसरीकडे जातात. पहिल्यासारखी कमाई नाही, पण तारीख घेताना माझा हात थरथरत नाही.

अलीकडे लोहारा, उमरगा, औसा भागातली मंडळी जुने कोठे, वाडे, गोदामं दाखवायला बोलावतात. त्यांच्याही मोबाइलवर तेच फोटो असतात. मी आधी माळवदावर चढून मातीची खोली मोजतो, मग खांब, मग भिंतीला ओळंबा लावतो, आणि पाणी कुठून उतरतं ते पाहतो. मागच्या वर्षी एका तरुण शेतकऱ्याला म्हणालो की कोठा आहे तसा राहू दे, त्यात सामान ठेव, नवरीची खोली कर, आणि मांडव खळ्यावर घाल. त्याला ते आवडलं नाही. म्हणाला, "काका, मग यात नवीन काय?" मी त्याला माझी वही दाखवली, गर्डरच्या हिशेबाचं ते पान, आणि त्याखाली न लिहिलेली ओळ त्याला स्वतःला भरायला सांगितली. त्यानं ती भरली. त्यानं मांडव खळ्यावरच घातला आणि कोठ्याचे खांब अजून मध्येच उभे आहेत.