स्टेशनातलं बिऱ्हाड

वाशिंदला १८५५ साली रेल्वे आली. तेव्हापासून 'स्टेशन' म्हणजे काय, याबद्दल आम्हां गावकऱ्यांची समजूत पक्की आहे: लोकल जिथे आधीच भरून येते, ती जागा. त्यामुळे ऑस्ट्रेलियातल्या एका जुन्या 'स्टेशनवाल्या' कुटुंबाची हकिगत हाती पडली, तेव्हा मी स्टेशनमास्तरांचं बिऱ्हाड समजून वीस पानं वाचली. एकही गाडी येईना. येत होत्या त्या मेंढ्या!

तिकडे म्हणे मेंढ्यांच्या अफाट कुरणाला स्टेशन म्हणतात. हे मालक लोक मूळ रहिवाशांच्या जमिनीवर, सरकारलाही न विचारता, जाऊन बसले. सरकारनं काय करावं? १८३६ साली वर्षाला दहा पौंड घेऊन परवाने दिले! आमच्याकडे असं बसलेल्याची झोपडी पाडतात. तिकडे झोपडीचे पुढे बंगले झाले. पण माझ्यातला कारकून दचकला तो आणखी पुढे. १८४३ साली न्यू साउथ वेल्समध्ये कायदा झाला, की मेंढीच्या अंगावरची न कापलेली लोकरसुद्धा कर्जाला तारण चालेल.

आणि मला आमच्या काउंटरवर आलेला धनगर आठवला.

दिवाळी झाली की ही मंडळी माळशेज घाट उतरून येतात. घोड्यावर संसार, संसारावर कोंबड्या, कोंबड्यांशेजारी एखादं पोर. आबा होते तोवर आमच्या खाचरात त्यांच्या मेंढ्या बसायच्या. रात्रभर लेंडीखत पडायचं, सकाळी आई भात मापून द्यायची. पावती नाही, सही नाही.

"कायमचा पत्ता?" मी विचारलं.

"पावसाळ्यात पारनेरकडं. दिवाळीधरनं इकडं."

"आणि मधे?"

"मधे वाट."

अर्जात वाटेला रकाना नव्हता.

"तारण काय देणार, मामा?"

त्यानं नुसतं दाराकडे पाहिलं. रस्त्यापलीकडे दीडशे तारणं उभी होती. त्यांतलं एक आमच्या मॅनेजरसाहेबांच्या कुंडीतली शेवंती खात होतं. मी अर्ज परत केला. दुसरं काय करणार?

"सायेब, तुमच्या आबांच्या रानात बसवलीत की मेंढरं मी," तो म्हणाला. "तुमचाच पत्ता घाला."

त्या रानात आता चार मजली इमारत आहे. तिसऱ्या मजल्यावर मी राहतो. आमच्याच बँकेचं कर्ज.

तो अर्जाची घडी करून मुंडाशात खोचत होता. जाता जाता वळला.

"औंदा कुठं बसवायची मग?"

मी पुढचं टोकन पुकारलं.