ब्रँडीत द्राक्ष असतं का हो?

आमच्या निफाड भागात ब्रँडी हा शब्द लहान पोरांनाही माहीत असायचा, कारण ती औषधाच्या कपाटात असायची. सर्दी झाली, चमचाभर ब्रँडी. बाळंतिणीला थंडी वाजली, ब्रँडी. आमच्या आजीने जन्मात दारूला हात लावला नाही, पण ब्रँडीची चपटी बाटली तिच्या ट्रंकेत सुंठ-ओव्याच्या शेजारी असायचीच. "द्राक्षाची असते ती, अंगाला चांगली," असं तिचं ठाम मत. (डॉक्टर आता यातलं काहीही करू नका म्हणतात. त्यांचंच ऐका.)

गंमत बघा, घरामागे द्राक्षबाग आणि ट्रंकेतल्या बाटलीत द्राक्ष मात्र नावापुरतं. आपल्याकडे सर्रास खपणारी ब्रँडी म्हणजे मुख्यतः उसाच्या मळीचं नाहीतर धान्याचं स्पिरिट. त्यात रंग, स्वाद आणि द्राक्षाच्या खऱ्या ब्रँडीचा अल्पसा अंश. यात बेकायदा काही नाही. नियमच ते चालवून घेतो.

आता फ्रान्सकडे या. पश्चिमेला शारांत नदीच्या काठी कोन्याक नावाचं गाव आहे. तिथली ब्रँडी गावाच्याच नावाने जगभर जाते. तिचं द्राक्ष आहे उनी ब्लां. आंबट, कमी गोडीचं. आपला व्यापारी गोडी मोजून असला माल बांधावरच नाकारेल. पण ब्रँडीला तोच लागतो. त्याची जेमतेम नऊ-दहा टक्के अल्कोहोलची पातळ वाइन होते. आंबटपणामुळे ती टिकते आणि गंध उडून जात नाही. तांब्याच्या भट्टीत ती दोनदा उकळायची. पहिल्या धारेचं पाणचट द्रव्य पुन्हा भट्टीत जातं. दुसऱ्या वेळी सुरुवातीची आणि शेवटची धार बाजूला काढायची, मधली तेवढी ठेवायची. साधारण नऊ लिटर वाइनमधून एक लिटर. आणि हे सगळं ३१ मार्चच्या आत उरकायचं, असा कायदा आहे.

मग ओकच्या लाकडी पिंपात वाट बघणं. भट्टीतून पाण्यासारखं पांढरं निघालेलं लाकडाकडून रंग घेतं, वास घेतं, हळूहळू निवतं. दरवर्षी दोनेक टक्के उडून जातं. त्याला तिथे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. त्या वाफेवर जगणारी काळी बुरशी कोठारांच्या छपरांवर चढते. काळं छप्पर दिसलं की आत माल आहे, हे कर वसूल करणाऱ्यांना रस्त्यावरूनच कळायचं म्हणे.

बाटलीवर 'व्हीएस' लिहायचं तर मिश्रणातली सगळ्यात कोवळी ब्रँडी किमान दोन वर्षं पिंपात हवी. 'व्हीएसओपी'ला चार. 'एक्सओ'ला पूर्वी सहा होती, २०१८ पासून दहा. पिंपावर सरकारी हिशेब चालतो, मालकाच्या शब्दावर नाही. या मालाचा कारभार बघणाऱ्या संस्थेत बागायतदार आणि व्यापारी बरोबरीने बसतात. इथे मी थांबून दोनदा वाचलं. आमच्याकडे द्राक्षाचे पैसे बुडवून व्यापारी पळाला, ही बातमी मी दर हंगामात लिहितो. फक्त गाव आणि आकडा बदलतो.

चव कशी असते? परदेशातून आलेल्या एका मित्राने गेल्या वर्षी व्हीएसओपी आणली होती. बर्फ नको, सोडा नको म्हणाला. ग्लासचा तळ ओला होईल इतकीच ओतली, तळहातात धरून बसलो. आधी वास आला, बेदाण्याच्या शेडमध्ये शिरल्यावर येतो तसा. मग मध, सुकी साल, जुनं लाकूड. घोट घशाखाली गेल्यावरही वास बराच वेळ तोंडात रेंगाळला. दोघांनी तासाभरात एवढीशी संपवली. घाईने प्यायची गोष्टच नाही ती.

हे दारूचं गुणगान नाही. आडव्या बाटलीसाठी रांगेत उभ्या राहिलेल्या बायाबापड्यांच्या बातम्या मी केल्या आहेत, दारूने काय होतं ते बघितलंय. मुद्दा शेतकऱ्याचा आहे, आणि त्या शेतकऱ्याशी आपलं नातं वाटतं त्यापेक्षा जवळचं आहे. १८७० च्या दशकात फायलोक्सेरा किडीने तिथल्या बागा मुळापासून खाल्ल्या. सुमारे २ लाख ८० हजार हेक्टरचं क्षेत्र १८९३ पर्यंत ४० हजारांवर आलं. तेव्हा पिअर व्हिआला हे तज्ज्ञ १८८७ मध्ये अमेरिकेत गेले. टेक्सासच्या टी. व्ही. मन्सन यांनी त्यांना चुनखडीच्या जमिनीत तग धरणाऱ्या रानवेली दाखवल्या. त्या जातीच्या खुंटांवर कलमं करून कोन्याक पुन्हा उभं राहिलं. आणि आपल्या नाशिक-सांगलीच्या बागा ज्या डॉगरिज खुंटावर उभ्या आहेत ना, तोही याच मन्सन यांनी टेक्सासच्या रानातून निवडलेला.

तिथे सगळं गोड आहे असं नाही. जवळजवळ सगळा माल परदेशात जातो, तोच धोका. युरोपने चिनी इलेक्ट्रिक गाड्यांची चौकशी सुरू केली, आणि जानेवारी २०२४ मध्ये चीनने युरोपच्या ब्रँडीची चौकशी लावली. सप्टेंबरमध्ये कोन्याकच्या रस्त्यांवर बागायतदारांचे ट्रॅक्टर आले. जुलै २०२५ मध्ये ३४.९ टक्क्यांपर्यंत शुल्क लागलं. ठरलेल्या किमतीखाली न विकण्याची हमी देणाऱ्या कंपन्या तेवढ्या सुटल्या. भांडण गाड्यांचं, ताप द्राक्षवाल्याला. डिसेंबर २०२३ ची कांदा निर्यातबंदी ज्यांनी सोसली, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

फरक एवढाच की त्यांच्या कोठारात माल पडून राहिला तर त्याचं वय वाढतं. आमचा घड पंधरा दिवसांत हलला नाही तर मणी गळतो, आणि बागायतदार मिळेल त्या भावाला देऊन टाकतो.

म्हणून मागणी साधी आहे. उद्या सगळ्यांनी भट्ट्या लावा असं मी म्हणत नाही. बाटलीवर ब्रँडी लिहायचं तर आत द्राक्ष किती आणि मळी किती, हे त्याच बाटलीवर ठळक मराठीत छापा. युरोपात वाइन न उकळता कुणाला ब्रँडी विकता येत नाही. द्राक्षाची राजधानी म्हणवणाऱ्या जिल्ह्याने निदान हा प्रश्न तरी विचारावा. आमदार-खासदार सगळ्या पक्षांचे आहेत, बागा सगळ्यांच्या आहेत. विचारा त्यांना.