वाकण्याचं माप

रोड बाइक घ्यायला आलेला माणूस आधी उंची सांगतो. "पाच फूट सहा आहे मिस्त्री, कुठला साइझ बसेल?" नारायणगावात सायकलींवर हात काळे करण्यात उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर माझ्या तोंडातून आपोआप निघायचं. गेल्या पावसाळ्यापासून ते मी ओठांवरच अडवतो.

उंचीवरून फ्रेम ठरत नाही, हे धंद्यातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. 168 सेंटिमीटरचे दोघे शेजारी उभे करा. एकाचा पाय जांघेपासून जमिनीपर्यंत 74 भरतो, दुसऱ्याचा 80. 0.665 ने गुणलं की एकाला 49 ची फ्रेम येते, दुसऱ्याला 53 ची. सीटची उंची 0.883 च्या जुन्या हिशोबाने काढली तर दोघांत 5 सेंटिमीटरहून जास्त अंतर. इथवर सगळं सरळ आहे. मला छळतो तो सीटच्या पुढचा भाग. सीट वर-खाली होते, मागे-पुढेही थोडी सरकते. फ्रेमची लांबी मात्र जन्मजात असते.

माझी स्वतःची सायकल स्टीलची, 54 ची. तिच्यावर मी माळशेज चढलो-उतरलो, डिंभ्यावरून भीमाशंकर गाठलं, अण्याचा घाट तर कामाआधी मारून यायचो. गेल्या पावसाळ्यात कंबर धरली. औषधं झाली, व्यायाम झाले, बरा झालो आणि पुन्हा सायकलवर बसलो. घोडेगावची एक मुलगी आयटीआय करून माझ्याकडे शिकते. मी भिंतीला टेकून बसलो होतो, हात ब्रेकच्या मुठींवर. ती बाजूला उभी राहून बघत होती. म्हणाली, "काका, ही फ्रेम तुम्हाला मोठी झालीय."

मोठी आहे, असं ती म्हणाली नाही. मोठी झालीय, म्हणाली. पाय तेवढाच होता, हातही तेवढेच होते. ज्या दिवशी घेतली त्या दिवशी ती फ्रेम मला अचूक होती आणि पुढे कितीतरी वर्षं अचूकच राहिली. कमी झालं होतं ते माझं वाकणं. कोपरं ताठ, खांदे कानांकडे चढलेले, सगळा भार तळव्यांवर. असा माणूस 20 किलोमीटर हसत जातो. 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरल्या वेळात पुरी करायच्या लांब फेरीला, साडेतेरा तास मिळतात. तिथे करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागतं आणि मग घाटाच्या उतारावर ब्रेक नीट दाबला जात नाही. माझ्या हाताला हे कळल्यापासून गिऱ्हाइकाच्या पायाआधी मी त्याची पाठ बघतो.

खरी कसोटी दोन साइझच्या मध्ये अडकलेल्या माणसाची. स्मॉल की मीडियम? एक उदाहरण घेऊ. स्मॉलचा स्टॅक, म्हणजे फ्रेमची पुढची उंची, 540 मिलिमीटर; रीच, म्हणजे पुढची लांबी, 378. मीडियमचा स्टॅक 560, रीच 385. तक्ता बघणारा म्हणतो, पुढे फक्त 7 मिलिमीटरचा फरक आहे आणि हँडल 20 ने वर मिळतंय, मग कडक पाठीच्या माणसाला मीडियमच बरी. इथेच फसगत होते. फोर्कची नळी मागे कललेली असते, साधारण 73 अंशांत. स्मॉलवर 20 मिलिमीटरचे स्पेसर, म्हणजे हँडलखालच्या चकत्या, जास्त चढवा, हँडल मीडियमइतकंच वर येतं आणि वर येता येता 6 मिलिमीटर मागेही सरकतं. म्हणजे सारख्या उंचीला दोन फ्रेममधलं खरं अंतर 7 नाही, 13 मिलिमीटर. वर 100 मिलिमीटरचा, 6 अंशांचा स्टेम, म्हणजे हँडल धरणारा तुकडा, उलटा करून लावला की हँडल आणखी 20 मिलिमीटर वर येतं आणि थोडं जवळही. लहान फ्रेम अशी मोठी करता येते. मोठी फ्रेम लहान करायला गेलं की 70-60 चा आखूड स्टेम लावावा लागतो आणि हँडल चंचल होतं.

पण हे सगळं फोर्कची नळी शिल्लक असेल तर. खिसा बेताचा असलेला माणूस जुनी रोड बाइक शोधतो, आणि शोधावीच. पण तो गिअर बघतो, टायर बघतो, रंगावरचे ओरखडे मोजतो. स्टेमखाली किती स्पेसर आहेत ते कुणी बघत नाही. आधीच्या मालकाने नळी बेताची कापून हँडल खाली घेतलेलं असेल, तर पुढच्या मालकाला ते स्पेसरने वर घेता येत नाही. उलट्या स्टेमने जेवढं मिळेल तेवढंच. कापलेली नळी वाढत नाही. नवा फोर्क घालायचा तर स्वस्तातल्या सौद्याची सगळी गोडी जाते. जुनी सायकल घ्यायची तर टेप लावून सीटच्या टोकापासून हँडलपर्यंत मोजा, स्टेमखाली बोट घालून बघा, आणि विकणाऱ्याला विचारा, नळी कापली का?

नव्याचं गणितही तसंच. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. आधी 35 हजारांना मिळणाऱ्या सायकलीमागे दोन हजारांच्या आसपास सुटले. ते पैसे लोक लगेच वरच्या गिअरमध्ये घालायला निघतात. माझं ऐकाल तर क्लॅरिसच्या 8 गिअरवरच थांबा आणि उरलेल्यातून अंगाला येणारा स्टेम घ्या, खांद्याच्या रुंदीचं हँडल घ्या. मापात बसलेली 8 गिअरची सायकल माणूस रोज काढतो. न बसणारी 11 गिअरची ओसरीत धूळ खाते, मग एक दिवस विकायला माझ्याकडेच येते.

या बाबतीत मला दोघांचा राग आहे. एक, गोदामात पडलेली सायकल खपवण्यासाठी "सीट खाली करून देतो" म्हणणारा दुकानदार. त्याने पाय पोचवून दिला, हात कोण पोचवणार? दुसरा राग आईबापांवर. शाळेचा गणवेश घेतात तशी सायकलही वाढत्या अंगाची घेतात. गणवेश दुमडता येतो. काळ्या सायकलींच्या काळात दुकानदार निदान 22 इंची की 24, एवढं तरी विचारायचा. आता खोक्यावर एम छापलेलं असतं आणि एका कंपनीचा एम दुसऱ्या कंपनीच्या एल ला टेकलेला असतो. शहरात कॅमेरे लावून माप घेणाऱ्यांची मला असूया वाटते, हेही सांगून टाकतो. त्यांचं काम चोख असतं. पण त्यांची फी आमच्या टोमॅटोवाल्याच्या पोराला सायकलीच्या किमतीशेजारी मांडून बघावी लागते.

जानेवारी 2026 मध्ये पुण्यात पुणे ग्रँड टूर ही सायकल शर्यत झाली. तेव्हापासून मुलं मोबाइलवर शर्यतीतल्या स्वारांचे फोटो घेऊन येतात. सीटच्या कितीतरी खाली हँडल, पाठ जमिनीला समांतर. "असं पाहिजे." मी त्यांना सरळ नाही म्हणत नाही. विशीतल्या अंगाला ते जमतं आणि ते दिसतंही देखणं. पण थोड्या पैशांत घेतलेली सायकल दोन वर्षांत बदलायची नसते. ती नोकरी लागेपर्यंत, लग्न होईपर्यंत, पोट सुटेपर्यंत चालवायची असते. म्हणून मधल्या मापाच्या पोराला मी लहान फ्रेम देतो आणि फोर्कची नळी कापत नाही. आज स्पेसर स्टेमच्या वर ठेवा, हँडल खाली राहील. पुढे कधी पाठ कुरकुरली की तेच स्पेसर खाली घाला.

माझ्या शिष्येचं यावर वेगळं मत आहे. ती म्हणते, ज्याचं धड लांब त्याला मोठीच फ्रेम द्यावी, पुढच्या पाठीची काळजी आज कशाला? ओतूरच्या एका कॉलेजच्या मुलीला तिने एकटीने बसवून दिलं. फ्रेम ठरवलीच, शिवाय ब्रेकच्या दांडीतला बारीक स्क्रू फिरवून दांडी मुठीजवळ आणली, कारण त्या मुलीची बोटं आखूड होती. तो स्क्रू मला माहीत नव्हता असं नाही. पण बोटांकडे तिची नजर आधी गेली. आता गिऱ्हाईक येऊन विचारतं, "ताई आहेत का?" मला ते झोंबतं. मोटारसायकलवरून उतरणाऱ्या माणसाचा साइझ तो उतरायच्या आत सांगायचा, हा माझा मोठेपणा होता आणि लोकही त्यासाठीच यायचे. नजर अजून तशीच आहे. आकडा मनात येतोच, बहुतेक वेळा तोच निघतो, आणि तो निघाला की मला आजही आनंद होतो. फक्त आता मी तो मोठ्याने सांगत नाही. तिला म्हणतो, "बसव त्यांना, आणि कोपरं बघ."